उसना गळा

९ सप्टेंबर

प्रिय मावशी,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी खुर्ची ओढ. मला राणीची भूमिका मिळाली!

आता पुढचं वाक्य. राणीची भूमिका मला मिळाली आहे, पण राणी मी नाही. राणी बाई आहेत. मी त्यांची राखीव गायिका. म्हणजे असं, की ऑपेरातली राणीची सगळी गाणी मी पाठ करायची, ती कुठे वळते, कुठल्या पायरीवर थांबते, कुठे कोसळते हे सगळं शिकायचं, आणि मग प्रत्येक प्रयोगाला नाट्यगृहाच्या तळघरातल्या खोलीत जाऊन बसायचं. खोलीच्या भिंतीवर एक स्पीकर आहे. वर रंगमंचावर काय चाललंय ते त्यातून खरखरत ऐकू येतं. बाईंचा आवाज बसला किंवा पाय मुरगळला तर मी वर जायचं. नाही तर प्रयोग संपला की घरी.

हसू नकोस. त्या खोलीत बसण्यासाठी आम्ही पाच शिकाऊ मुलींनी चाचणी दिली, आणि निकाल लागल्यावर उरलेल्या चौघी माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हत्या.

बाकी रोजचं चालू आहे. सकाळी उच्चारांचा तास, मग अभिनयाचा, मग न लागता पडायचं कसं याचा. दुपारी पियानोवाल्या सरांबरोबर तालीम. आमचं दोन वर्षांचं शिक्षण उन्हाळ्यात संपेल, तेव्हा कुणाला ठेवून घ्यायचं आणि कुणाला निरोप द्यायचा ते ठरेल.

बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, अगदी नाट्यगृहाचे संचालकसुद्धा. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही प्रयोग चुकवलेला नाही म्हणे. हे मला पहिल्याच दिवशी तीन वेगवेगळ्या माणसांनी कौतुकाने सांगितलं.

फोन करत नाही, कारण फोनवर गळा झिजतो हा नियम तुझाच.

तुझी
भोंगू


१७ सप्टेंबर

भोंगू,

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे स्टेपनी." मी त्यांच्यावर डाफरले, पण नंतर दिवसभर विचार केला आणि त्याहून नेमका शब्द मलाही सापडला नाही.

सहाव्या वर्षापासून तुला ओट्याशी उभं करून सूर घोटून घेतले ते तळघरात बसण्यासाठी? तुझी आई तुला काही बोलणार नाही. माझी बहीण जन्मात कुणाला काही बोललेली नाही, त्यामुळे घरातलं सगळं बोलण्याचं काम माझ्यावर येऊन पडतं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला ती पिवळी शाळा आहे ना, तिथल्या संगीताच्या शिक्षिका निवृत्त होत आहेत. मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या. तुझ्याबद्दल बोलले, त्या खूश झाल्या. डिसेंबरपर्यंत थांबते म्हणाल्या. तुला राखीव हा शब्द एवढा आवडत असेल तर ही जागा तुझ्यासाठी राखीव आहे. पगार आहे, खिडक्यांना ऊन आहे, आणि मुलं समोर बसून ऐकतात. स्पीकरमधून नाही.

विचार कर. घाई नाही. पण कर.

त्या बाईंची तब्येत कशी असते? सहज विचारते. वय झालं की गळ्याला जपावं लागतं. थंडीत तर फारच.

मावशी


८ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

बाईंची तब्येत ठणठणीत आहे. तुझी आपुलकी त्यांच्यापर्यंत पोचवलेली नाही.

आणि गंमत ऐक, ती ठणठणीत ठेवण्याचं काम माझ्याकडेच आलंय. तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या असतात. लाल पट्टी म्हणजे भिंत, निळी म्हणजे जिना. पहिल्या दिवशी बाई दमल्या म्हणून खुर्चीत बसल्या आणि मला त्यांच्या जागी चालायला सांगितलं. मी गात गात मधोमध आले. बाईंनी हात वर केला.

"मुली, तू भिंतीतून आलीस."

मी खाली पाहिलं. लाल पट्टी माझ्या मागे होती.

"मागे जा. दारातून ये. राण्या भिंतीतून आल्या तर लोक घाबरतात."

तेव्हापासून मी त्यांच्या शेजारी बसते. गरम पाण्याचा थर्मास माझ्याकडे असतो. परवा खिडकीतून गार वारा सरळ त्यांच्या मानेवर येत होता. मी उठले आणि खिडकी लावून घेतली. कडी घातल्यावर लक्षात आलं की मी काय बंद केलं. परत उघडणं बरं दिसलं नसतं.

बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हणाल्या, "रोज माझ्या घशाकडे बघत असतेस."

"काळजी वाटते," मी म्हटलं.

"कसली काळजी तेही माहीत आहे मला. मीही त्या तळघरात बसले आहे. स्पीकर तेव्हाही खरखरायचा."

पण तू आशा लावून बसू नकोस. तिसऱ्या अंकात राणी चाकांवरच्या एका उंच मनोऱ्यावर उभी राहून निरोपाचं गाणं गाते. मनोरा यंत्राने पुढे येतो, राणीच्या कमरेला पट्टा असतो. त्या यंत्रावरची तालीम फक्त बाईंना मिळाली आहे, आणि तालमीशिवाय तिथे कुणाला चढू देत नाहीत. म्हणजे मी अशी राखीव राणी आहे जिला स्वतःच्या मनोऱ्यावर पाय ठेवायची परवानगी नाही. मी रंगमंच व्यवस्थापकांना विचारलं, वेळ आलीच तर काय? त्या कानाला यंत्र लावून सतत कुणाशी तरी बोलत असतात. मला म्हणाल्या, "तेव्हाचं तेव्हा बघू."

इकडे यायचा विचार मनात आणू नकोस. येऊन बघण्यासारखं माझं काही नाही.

तुझी
भोंगू


१५ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

या आठवड्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. बाईंना सर्दी झाली होती, आता उतार आहे. प्रयोग झाले. थंडी वाढली आहे.

शाळेचा विचार करते आहे. खरंच करते आहे. कधीकधी वाटतं, इथे येऊन दीड वर्ष होत आलं, आपलं गाणं कुणी ऐकलं तरी का?

काकांना नमस्कार.

भोंगू


१५ नोव्हेंबर

भोंगू,

तू येऊ नकोस म्हणालीस म्हणून आले.

शुक्रवारच्या प्रयोगाला मी आणि काका होतो. तुला मुद्दाम कळवलं नाही. तू भेटली असतीस तर तुझ्या तोंडाकडे बघून मी मत बनवलं असतं, आणि मला ते माझ्या कानांनी बनवायचं होतं. तुझी वाट कोण अडवून बसलंय ते एकदा ऐकायचं होतं. खोटं कशाला सांगू, नावं ठेवायच्या तयारीनेच आले होते.

दारातच छत्रीवरून वाजलं. सामान ठेवायच्या खिडकीवरचा माणूस म्हणे छत्री आत नेता येणार नाही. मी म्हटलं, "का? छत्री काय मध्येच गायला लागणार आहे?" यात सुरुवात हुकली. आम्ही आत शिरलो तेव्हा पडद्यापुढे उभं राहून कुणीतरी काहीतरी जाहीर करून निघून चाललं होतं. दिवे गेले, वाद्यं सुरू झाली.

मग ती गायली.

भोंगू, मी काय सांगू. दिसायला धिप्पाड, चालणं जपून, हातवारे जुन्या वळणाचे. पण आवाज? एवढ्या भारदस्त देहात इतका कोवळा आवाज असेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. सुरुवातीला जरा बिचकत होता, परक्या घरात पाऊल टाकावं तसा. पण थोड्या वेळाने ते घर त्याचंच झालं.

काका जागे होते, यावरून काय ते समज. दुसऱ्या अंकात माझ्या कानाशी लागून म्हणाले, "आपल्या भोंगूसारखी वाटते, नाही?" मी म्हटलं, "गप्प बसा. तुम्हाला कुकरची शिट्टीसुद्धा भोंगूसारखी वाटते."

मध्यंतरात शेजारची एक बाई वळून म्हणाली, "तुम्हाला कळलं का, आज राणी..." मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, मला दुसऱ्यांची मतं नकोत, मी माझे कान घेऊन आले आहे.

तिसऱ्या अंकात ती त्या मनोऱ्यावरून निरोपाचं गाणं गायली तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. संपल्यावर मी उभी राहिले. हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. आणि विनय तरी केवढा त्या बाईचा! लोक तिच्या नावाने ओरडत होते आणि ती आपली एका बाजूला, काळ्या पडद्याकडे हात करून दाखवत होती. दिवे लावणारे, दोऱ्या ओढणारे, त्यांना मान देत असणार.

आता नीट ऐक. मी तुझी मावशी आहे तशी तुझी पहिली शिक्षिका आहे. तुझा गळा मी आतून बाहेरून ओळखते. तू चांगलं गातेस, स्वच्छ गातेस. पण त्या बाईच्या गाण्यात काहीतरी उघडतं, ते तुझ्यात नाही. ते शिकवून येत असतं तर मी शिकवलं असतं. तिला हटवून तू तिथे उभी राहशील ही आशा मीच तुझ्या डोक्यात भरली. ती सोड. घरी ये. शाळेतली मुलं तुझ्यावर जीव टाकतील.

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, हे तुला कळेल.

मावशी


२२ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. तुझं पत्र मी जिन्यातच उघडलं, आणि वाचून झाल्यावर तिथेच पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरचे आजोबा मला वळसा घालून खाली उतरले, वर जाताना पुन्हा वळसा घालून गेले.

शाळेचं उत्तर देते. त्याआधी एक सांग. शुक्रवारच्या गाण्यात तुला नेमकं काय आवडलं? कुठल्या जागा? आणि दोष काय दिसले? बाईंच्या शेजारी बसते तर निदान त्यांच्याकडून काय घ्यायचं आणि काय टाळायचं ते कळू दे.

माझ्या गाण्याबद्दल तू आजवर बोललीस ती कधी शिक्षिका म्हणून, कधी मावशी म्हणून. तिकीट काढून खुर्चीत बसलेली बाई काय म्हणते ते मला कधी कळलेलं नाही. काही राखून ठेवू नकोस.

भोंगू


२८ नोव्हेंबर

भोंगू,

शहाणी आहेस. असंच शिकावं माणसाने.

आधी गुण. आवाज लावण्याआधी ती थांबते. ते थांबणं मला फार आवडलं. गाणं आधी मनात वाजतंय आणि आपल्याला ते थोडं उशिरा मिळतंय असं वाटतं. निरोपाच्या गाण्यात सगळ्यांना वाटलं आता आवाज मोठा करणार, तर तिने तो लहान केला. अख्खं प्रेक्षागृह पुढे झुकलं. हे धाडस आहे.

दुसरं, तिचं शरीर. तू उंच सुराला खांदे उचलतेस, मी हजारदा सांगितलंय. तिचा खांदा हलला नाही! गळ्याची शीर फुगली नाही! जणू सूर दुसरीकडूनच कुठून तरी येतोय. दोन ठिकाणी तर ओठ मिटले आणि सूर मागून क्षणभर रेंगाळत राहिला. हे कसब वर्षानुवर्षांच्या रियाजाने येतं. तुला नाही जमायचं.

दोष म्हणशील तर पहिल्या अंकात शब्द गिळते. भीतीने गिळावेत तसे. एवढ्या नावाजलेल्या बाईला कसली भीती, देव जाणे. आणि शेवटच्या ओळीत श्वास कमी पडला होता, पण तिने तो हुंदक्यासारखा वापरला. मी फसले नाही, पण मला ते आवडलं.

मुख्याध्यापिका रोज विचारतात. कधी येतेस?

मावशी


३ डिसेंबर

प्रिय मावशी,

शुक्रवारी गायले ती मी.

तू आत येण्याआधी पडद्यापुढे उभं राहून तेच जाहीर केलं होतं. शेजारची बाई तेच सांगणार होती. त्या दिवशी दुपारी बाईंचा आवाज पार गेला, नुसती फुसफुस उरली. त्या म्हणाल्या, "मनोऱ्यावर मी चढते. गळा हिचा." म्हणून बाई रंगमंचावर हालचाली करत होत्या, ओठ हलवत होत्या, आणि मी बाजूच्या काळ्या जाळीच्या पडद्यामागे, समोर स्वरलिपीची पानं ठेवून, त्यांच्या पाठीकडे बघत गात होते. पोशाख नाही, रंग नाही. अंगात तपकिरी स्वेटर आणि पायात घरातल्या सपाता, कारण निरोप आला तेव्हा मी तळघरात पाय वर घेऊन बसले होते.

शब्द भीतीने गिळले. बरोबर ओळखलंस. श्वासही कमी पडला होता. ओठ आधी मिटले ते बाईंचे, सूर रेंगाळला तो माझा. आम्ही दोघींनी मिळून हे कधी केलंच नव्हतं. आणि खांदे, मावशी, मी उचलले होते. खूप उचलले होते. तुला दिसले नाहीत.

शेवटी बाई मला बोलावत होत्या. दोऱ्या ओढणाऱ्यांना नाही. मी गेले नाही. त्या सपाता घालून एवढ्या लोकांसमोर जायचं मला सुचलंच नाही.

तुला लिहिलं नाही, कारण वाटलं तू म्हणशील, उसना गळा झाली. स्टेपनीच्या खालची पायरी. मग तुझं पत्र आलं. लगेच सांगितलं असतं तर तू पुन्हा मावशी झाली असतीस. मला आधी त्या तिकीट काढलेल्या बाईचं ऐकायचं होतं.

ते ऐकलं. म्हणून शाळेत येत नाही. तूच सांगितलंस तसं, ज्यात काहीतरी उघडतं असा गळा इथे आहे, तो सोडून कशी येऊ?

तुझी
भोंगू


९ डिसेंबर

भोंगू,

खोटं बोलायला मी तुला शिकवलं नव्हतं.

तिथेच राहायचं आहे तर तसं लिही, मी वाचेन, रडेन आणि गप्प बसेन. पण दुसऱ्या बाईचं गाणं स्वतःच्या नावावर घालायचं, तेही मी काढलेल्या गुणदोषांवर बेतून? मी काय लिहिलं ते समोर ठेवून एकेक गोष्ट जुळवलीस. काकांना वाचून दाखवलं, तर ते म्हणतात, "मी तेव्हाच म्हटलं होतं." तुला सामील आहेत ते.

तुझा आवाज मला कळणार नाही? मला? तुझं बोबडं गाणं ऐकणारी मी पहिली.

मुख्याध्यापिकांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. त्यांचा वर्ग रिकामा पडू नये म्हणून कायमची शिक्षिका मिळेपर्यंत आता मीच जाणार आहे. या वयात.

मावशी


२० डिसेंबर

प्रिय मावशी,

मी पुरावे देत बसणार नाही. तू विश्वास ठेवला नाहीस याचं वाईट वाटलं, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना हसू आलं. माझं गाणं माझं असणं शक्यच नाही एवढं ते चांगलं होतं, अशी दाद आमच्यापैकी अजून कुणाला मिळालेली नाही.

एक बातमी. परवा बाई तालमीत मनोऱ्यावर चढल्या आणि खाली उतरेनात. व्यवस्थापक खालून हाका मारत होत्या. बाई वरून म्हणाल्या, "ह्या मुलीला यंत्रावर तालीम कधी देता ते सांगा, मग उतरते. मला इथे छान वारा लागतोय." संचालकांना बोलवावं लागलं. त्यांनी मान वर करून बराच वेळ युक्तिवाद केला. बाईंनी वरूनच कुणाला तरी थर्मास मागितला, तेव्हा ते नरमले.

तालीम मिळाली. पट्टा बांधून मी वर गेले. फेब्रुवारीतल्या शनिवारच्या दुपारचा एक प्रयोग मला द्यायचं कबूल केलंय. पोशाखासकट. बाईंचे कपडे माझ्यासाठी आत घ्यावे लागताहेत, शिंपीणबाई म्हणते दोन भोंगू मावतील.

कायमची शिक्षिका मिळेपर्यंत तू शिकवते आहेस, म्हणजे बदलीवर. कसं वाटतं?

तुझी
भोंगू


३० जानेवारी

भोंगू,

उशीर झाला. शाळेत वेळ जातो. पहिल्या आठवड्यात मुलं मला विचारत, "खऱ्या बाई कधी येणार?" आता विचारत नाहीत. मुख्याध्यापिकांनीही शोध थांबवलाय असं वाटतं. तू विचारलंस म्हणून सांगते, बरं वाटतं. यावर आणखी काही विचारू नकोस.

फेब्रुवारीच्या प्रयोगाची दोन तिकिटं काढून ठेव. पुढची, मधोमध. खांब आड येता कामा नये. तुझी आईही येते म्हणाली, म्हणजे तीन. तिने स्वतःहून बोलून दाखवलेली ही पहिलीच गोष्ट.

माफी वगैरे मागणार नाही. पडद्यामागे स्वेटर घालून गाणारी मुलगी दिसत नाही यात माझा दोष काय? जाळी तुमच्या लोकांनी लावली.

आता जे सांगायचं ते सांगते. गेल्या आठवड्यात मी परत आले होते. तुला पकडायला आले होते, कबूल. छत्री घरी ठेवली, वेळेआधी जाऊन बसले. पडद्यापुढे कुणी आलं नाही, काही जाहीर झालं नाही. बाई स्वतः गायल्या.

भरदार, पिकलेला आवाज. खांदे वर जात होते, गळ्याची शीर दिसत होती, ओठ आणि सूर एकदम थांबत होते. निरोपाच्या गाण्यात त्यांनी आवाज मोठा केला. फार चांगलं गातात, त्यात शंका नाही. लोक वेडे झाले होते. काकांनी पहिला अंक कसाबसा काढला आणि दुसऱ्यात मान टाकली.

शेवटी सगळं प्रेक्षागृह उठून उभं राहिलं. त्या आवाजाने काका दचकून जागे झाले, धडपडत उठले आणि टाळ्या पिटायला लागले. मग त्यांना दिसलं, मी खुर्चीतच आहे, हात मांडीवर.

"अगं, टाळ्या नाही वाजवायच्या?"

"माझ्या वाजवून झाल्या," मी म्हटलं. "नोव्हेंबरात."

मावशी